पगाराच्या आधीचा दरवाजा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



‘ज्याची पात्रता जास्त, त्याचा पगार जास्त’ असे आपण सहज म्हणतो. समाजशास्त्र विचारते, सारख्या पात्रतेच्या माणसांना दरवाजा तरी सारखा उघडतो का?

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे गोरे व कृष्णवर्णीय तरुण नोकरी मागायला पाठवले. २००३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा. गुन्ह्याची नोंद सांगणाऱ्या गोऱ्यांना शंभरातील १७ ठिकाणांहून बोलावणे आले; निष्कलंक कृष्णवर्णीयांना १४ ठिकाणांहून.

स्त्रियांची वाट आत शिरल्यावरही अडते. २०२३ च्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले, की एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या कमाईतील दरी मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर पडते.

आपला देशही याला अपवाद नाही. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात, पात्रता तीच असूनही दलित आडनावाच्या अर्जांना कमी बोलावणी आली.

मंडळी, आपल्यातले अनेकजण निवड समितीवर बसतात. अर्ज वाचताना आधी नाव झाकावे. बाळंतपणाहून परतलेल्या सहकारी भगिनीची बढती ‘तिला झेपेल का?’ म्हणून परस्पर अडवू नये, तिलाच विचारावे. एवढे तरी आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!