शब्दाने लहान केलेला दुष्काळ

नववीला इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी परवा भेटले. म्हणाले, "बिलिटल, प्ले डाउन, ग्लॉस ओव्हर, मेक लाइट ऑफ, मुले सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहितात, कमी लेखणे. आता फरक सांगावा तरी कसा?"

मी म्हटले, गुरुजी, आपल्या घरातूनच सुरुवात करा की. ग्लॉस म्हणजे वरवरची चकाकी. आपल्याकडे त्याला सारवासारव म्हणतात. जमिनीला खड्डा पडलेला असतो, वरून शेणाचा हात फिरवला की पाहुण्याला भुई सपाट दिसते, खड्डा मात्र आत तसाच. प्ले डाउन म्हणजे रेडिओचा आवाज बारीक करावा तसे. गाणे बंद केलेले नाही, घडलेले नाकारलेले नाही, फक्त शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये एवढी तजवीज केली. आणि बिलिटल म्हणजे खरोखरीच कमी लेखणे. या शब्दाची कथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतले पशू युरोपातल्यांहून खुजे, असे बुफाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने लिहिले. थॉमस जेफर्सन यांनी पशूंच्या वजनांचे तक्ते मांडून त्याला उत्तर दिले. त्या पुस्तकात त्यांनी बिलिटल हा शब्द वापरला. तो त्यांच्याच लेखणीतून प्रथम आला, असे मानतात. १७८७ साली लंडनच्या एका मासिकाने या नव्या शब्दाची यथेच्छ टर उडवली. म्हणजे देशाला कमी लेखू नका, असे सांगणारा शब्दच आधी कमी लेखला गेला!

राहिले मेक लाइट ऑफ. हसण्यावारी नेणे. इथे मुलांना जरा थांबवा. कारण हे क्रियापद कोण वापरतो, त्यावर त्याची किंमत ठरते. सांगोल्याकडचा शेतकरी, ज्याची ज्वारी करपून गेली आहे, तो विचारणाऱ्याला सांगतो, "जरा ओढ दिलीया पावसानं, बघू." स्वतःचे दुःख त्याने हलके करून सांगितले, त्याला आपण धीर म्हणतो. तेच वाक्य खुर्चीत बसलेल्या माणसाने त्याच्याविषयी काढले, तर? शब्द तेच, पण आता तो धीर राहिला नाही.

हे सगळे झाले क्रियापदांचे. परंतु एखादी गोष्ट लहान करायला क्रियापद लागतेच असे नाही. नाव बदलले की काम होते. आपल्या राज्यात असे एकदा कायद्याने झालेले आहे.

१९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकायचा आणि त्या जागी 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, घालायचा, एवढाच त्याचा मजकूर. शेतीच्या परिस्थितीवर सरकारची सतत नजर आहे, उपाय वेळेवर होतात, तेव्हा आता दुष्काळाला वाव उरलेला नाही, असे त्याचे कारण दिले गेले. यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. इंग्रजीत फॅमिन म्हणजे माणसे अन्नावाचून मरतात तो काळ, आणि ड्राउट म्हणजे नुसते अवर्षण. १८७६-७७ साली आपल्या जिल्ह्याने पहिला प्रकार पाहिला; आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातल्या कामांतून उभा राहिला. तसे मरण पुन्हा येऊ द्यायचे नाही, हा निर्धार चांगलाच होता. पण मराठीत या दोन्हींना आपण दुष्काळच म्हणतो. त्यामुळे कागदावरून एक इंग्रजी शब्द गेला, आणि आपल्या कानाला वाटले की दुष्काळच गेला.

पुढे नऊ वर्षांत १९७२ उजाडले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडत होती, नालाबांध आणि तलाव खणत होती. पोरांना सुकडी मिळत होती, घरात तांबडी मिलो ज्वारी शिजत होती. गावातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो 'बहात्तरची टंचाई' म्हणेल का? 'बहात्तरचा दुष्काळ' हेच त्याच्या तोंडी येणार. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. टंचाईसदृश परिस्थितीत पंतांनी कोठारे उघडली, असे सांगणारा कीर्तनकार अजून मला तरी भेटलेला नाही.

हा 'सदृश' मोठा चिवट आहे. 'दुष्काळसदृश' म्हणजे दुष्काळासारखा दिसणारा, पण दुष्काळ म्हणून न स्वीकारलेला. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात हा विषय निघाल्यावर सरकारने त्या शब्दाऐवजी दुष्काळ म्हणण्याचे मान्य केले. तरी २०२३ साली चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आपले सांगोला आणि करमाळा होते, आणि लगेच पुढच्याच महिन्यात इतर एक हजारावर महसुली मंडळांना पुन्हा 'दुष्काळसदृश' हीच पाटी मिळाली. अशा जाहीरनाम्यामागे जमीन महसुलातली सूट, कर्जवसुलीची स्थगिती, पोरांची परीक्षा फी हे सगळे उभे असते. तेव्हा नावाचा हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे.

गुरुजी, गावात ठराव लिहायचा झाला की कागद बहुधा तुमच्याच पुढे येतो. पुढच्या वेळी आला, तर आधी विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, टँकर किती दिवसांआड येतो, किती दावणी मोकळ्या झाल्या, पेरलेल्यातले किती उगवले, एवढे लिहून काढा. वर कोणता शब्द घालायचा, ते मग ग्रामसभेतल्या बायकांना विचारा. पाणी त्याच आणतात.