तस्कराच्या मानेवरची खूण

प्रवरेकाठच्या कोल्हारात उसाच्या फडात, घराच्या अडगळीत उंदरांमागे येणारा तपकिरी साप तस्कर असू शकतो. बिनविषारी. डिवचला की मान फुगवून इंग्रजी एससारखा वळतो, म्हणून भल्या जिवाला नाग समजून मारतात!

याच्या मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा दिसतात. सह्याद्रीतल्या उपजातीच्या मानेवर मात्र आडवा पट्टा असतो. सर्पअभ्यासक शुल्झ यांनी 1992मध्ये तिला मोंटिकोलॅरिस नाव दिलं. काहींच्या मानेवरची खूण दोन्हींच्या मधली असते. असा साप पेटीत बंद असेल आणि पकडल्याचं ठिकाण माहीत नसेल, तर नुसत्या खुणेवरून उपजात ठरवणं घाईचं. म्हणून सर्पमित्रांनो, साप सोडवताना गाव, तारीख लिहा आणि मानेचा वरून फोटो घ्या.