एका वृद्ध इंजिनाचा उन्हाळा

श्रोतेहो, लोहमार्गावरील पराक्रमाच्या गोष्टी निघाल्या म्हणजे ताशीं शंभर मैल धांवणाऱ्या बलाढ्य इंजिनांचीं नांवें आपल्या कानांवर येतात. माझें आवडतें इंजिन त्या पंक्तीला बसणारें नव्हे. तें चार चाकांचें, ठेंगणें आणि सावकाश चालणारें आहे. त्याचें नांव डॉलगॉख.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या गांवाहून डोंगरांतील ब्रिन एग्ल्विस या पाटीच्या दगडाच्या खाणीकडे टॅलिलिन नांवाचा लोहमार्ग जात असे. त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघें सव्वादोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या मार्गाहून केवळ तीन इंच अधिक. या मार्गासाठीं १८६६ सालीं व्हाइटहेवन येथें डॉलगॉख तयार झालें.

१९४६ सालीं खाण बंद पडली. तरीही मार्गाचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनीं आपण हयात असेपर्यंत गाडी चालू ठेवण्याचें वचन पाळलें. १९५० सालीं ते निवर्तले. मागें उरले कुजलेले स्लीपर, गवतांत बुडालेले रूळ आणि चालूं शकणारें एकच इंजिन, डॉलगॉख.

त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें बर्मिंगहॅम येथें ग्रंथकार रोल्ट यांच्या पुढाकारानें कांहीं मंडळी जमलीं आणि एक संस्था स्थापन झाली. १४ मे १९५१ रोजीं स्वयंसेवकांच्या आधारावर गाडी पुन्हां सुरू झाली. लोहमार्गाचें असें जतन जगांत प्रथमच होत होतें.

संस्थेनें शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस मार्गाचीं दोन इंजिनें विकत घेतलीं. पैकीं एकाला मोठ्या दुरुस्तीची गरज होती. दुसरें वरचेवर रुळांवरून घसरूं लागलें. शोध घेतां असें आढळलें कीं, जुन्या कंपनीनें रूळ हेतुपुरस्सर सुमारें अर्धा इंच अधिक फांकवून घातले होते. डॉलगॉखचीं चाकें मुळांतच रुंद असल्यामुळें त्याला त्याची अडचण नव्हती. अरुंद चाकांचा पाहुणा मात्र मधल्या मधें खालीं उतरे!

अशा रीतीनें त्या पहिल्या उन्हाळ्याचा जवळजवळ सर्व भार पंचाऐंशी वर्षांच्या या झिजलेल्या इंजिनावर पडला. तें एक दिवस जरी कायमचें थांबतें, तरी हा नवा प्रयोग पहिल्याच वर्षीं आटोपला असता. तें थांबलें नाहीं. पुढें इंग्लंडांत व अन्यत्र अशा अनेक मार्गांना जीवदान मिळालें, त्यांच्यापुढें टॅलिलिनचें उदाहरण होतें.

सोबतीचीं इंजिनें सज्ज झाल्यावर, १९५४ सालीं, डॉलगॉखला विश्रांति मिळाली. १९६३ सालीं तें नवा बॉयलर घेऊन परतलें. कोणी विचारील, इतकें बदलल्यावर तें जुनें इंजिन राहिलें काय? मला वाटतें, राहिलें. काचेच्या कपाटांत ठेविलें असतें, तर त्याचें लोखंड जुनें राहिलें असतें. पण वाफ धरणें, चढण चढणें, माणसें पोंचविणें हें त्याचें इंजिनपण संपलें असतें.

आपल्या घरींही आजोबांचें एखादें घड्याळ बंद पडून भिंतीवर असेल. त्याची कमान बदलण्यास आपण कचरतों. श्रोतेहो, कमान बदला आणि त्याला किल्ली द्या. आजोबांनीं तें वेळ पाहण्यासाठींच घेतलें होतें.