निरोप कुणाच्या हातून जातो?

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आपल्या सीमाभागात आता लग्नाची पत्रिका, सभेचे आमंत्रण आणि दहाव्याचा निरोपसुद्धा मोबाईलवरच येतो. काळ्या दिनाच्या फेरीची वेळही तिथेच कळते. सोय मोठी आहे. पण बेळगावचा निरोप निपाणीला पोचतो तो कुणाच्या हातून, याचा विचार आपण करीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश कंपनीच्या यंत्रांतून जातो. मजकुराला कुलूप असते, कंपनीलाही तो वाचता येत नाही. पण कोण कोणाशी केव्हा बोलले, ही माहिती तिच्याकडे राहू शकते. शिवाय इंटरनेट बंद पडले की सारेच ठप्प.

यावर उपाय म्हणून जे कार्यक्रम निघाले, त्यांपैकी एक ब्रायर. त्याला मध्यवर्ती यंत्रच नाही. निरोप एका फोनमधून थेट दुसऱ्या फोनमध्ये जातो. इंटरनेट असेल तर टॉर नावाच्या आडवाटेच्या जाळ्यातून, नसेल तर जवळच्या फोनला ब्लूटूथ किंवा वायफायने. खात्याला मोबाईल नंबर लागत नाही. समोरासमोर बसून एकमेकांच्या फोनवरचा क्यूआर कोड टिपला की ओळख पक्की होते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत राहिले, तरी १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि तो आवाज थांबला. साताऱ्याचे प्रतिसरकार मात्र गावोगावच्या गटांवर उभे होते. काही माणसे पकडली गेली तरी बाकीचे गट काम करीत राहिले. १९४३ ते १९४६ ते टिकले. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या दिला, तेव्हाही कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता.

मग आपण उद्यापासून ब्रायर घ्यावा का? माझे मत, नाही. ब्लूटूथचा पल्ला अंगणापुरता. सहसा दोन्ही फोन एकाच वेळी चालू लागतात. पासवर्ड विसरला तर खाते गेले. आणि मुख्य गोष्ट म्हणजे मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने, जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी वापरतात असे कारण देऊन, असे चौदा कार्यक्रम रोखले. ब्रायर त्यांत होता. तो आदेश पटो वा न पटो, त्याचा त्रास आपल्या पोरांना कशाला? आपला लढा उघड आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

पण लपवण्यासारखे नसणे वेगळे आणि सभासदांची नावे-नंबर चव्हाट्यावर मांडणे वेगळे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. आपल्यात नोकरदार आहेत, दुकानदार आहेत. त्यांच्या नावांची जबाबदारी आपल्यावर आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक गल्लीत एका माणसाने दहा घरांची यादी कागदावर ठेवावी. फोन बंद पडला तर निरोप पायी जाईल. दुसरी, सभासदांची यादी मोठ्या ग्रुपवर टाकू नये, आणि खात्री नसलेली बातमी पुढे ढकलू नये. गुन्हा दाखल झाला तर कोर्टाच्या तारखा घरच्यांनाही भोवतात. तिसरी, इंटरनेट बंद केले गेले तर आदेशाची प्रत मागावी. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू नये, असा निकाल १० जानेवारी २०२० चा आहे.

यंत्र कोणतेही येवो, निरोप शेवटी माणसाच्या विश्वासावरच पोचतो. गल्लीच्या याद्या पुढच्या सभेपर्यंत तयार व्हाव्यात, एवढीच विनंती.

जय महाराष्ट्र!