दुधनी येथील स्वागताध्यक्षीय भाषण



2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेल्या या मुलखात, दमणगंगेच्या मधुबन जलाशयाकाठी, स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. परिषदा शहरांतच भराव्यात हा रिवाज मोडून आपण दुधनीपर्यंत येण्याची तसदी घेतलीत, ती सर्वथा उचित होय. कारण रक्तदाबाच्या चढउताराला हृदय कसे उत्तर देते, हा आपला विषय येथील शेतांत रोज घडत असतो.

उकिडवी बसून भाताची रोपे उपटणारी वारली स्त्री जुडी बांधून एकदम उभी राहते, तेव्हा रक्त पायांकडे ओसरून दाब क्षणमात्र उतरतो. मानेतील रोहिणीच्या भिंतीचा ताण सैल पडल्याची वर्दी लंबमज्जेस पोहोचते, तेथून हुकूम सुटतो, आणि तिला घेरी येण्यापूर्वीच नाडी जलद होऊन दाब सावरला जातो. इतका चोख कारभार मी तरी कोणत्याही कचेरीत पाहिलेला नाही!

दाब चढला की नाडी मंदावते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले. तथापि 1969 साली ऑक्सफर्डच्या स्माइथ, स्लाइट व पिकरिंग यांनी अँजिओटेन्सिन टोचून दाब चढविला, आणि पाऱ्याच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन ठोक्यांतील अंतर किती मिलिसेकंदांनी वाढते याची रेषा आखली, तेव्हा या नात्यास माप लाभले. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबावरील शवासनाच्या उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी तर त्याच्या कितीतरी आधी आसनस्थ साधकांचा रक्तदाब मोजला होता. मात्र या दोन्ही उद्योगांचा रोख दाबावर होता, दाब व नाडी यांच्या नात्यावर नव्हे.

नात्याचे मोल केवढे, हे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या 1284 रुग्णांच्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखविले: ज्यांचे हे माप पाऱ्याच्या मिलिमीटरमागे तीन मिलिसेकंदांहून कमी, त्यांना हृदयजन्य मृत्यूचा धोका अधिक. आता बोटावरील पट्ट्याने ठोक्याठोक्याचा दाब टिपता येतो, सुईवाचूनही काम भागते. मग हे माप प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडून ठेवण्यास सबब कोणती? शेतावरच्या माणसांची मापे आपल्या दप्तरी असावीत, एवढीच या मुलखाची मागणी आहे.

मुक्कामाची तजवीज समितीने यथाशक्ती केली असून दुपारच्या पंगतीत नागलीची भाकरी आहे. अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन कामकाजास प्रारंभ करावा, अशी त्यांस विनंती करतो.