सबब आणि अडचण

(वसतिगृहाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पाण्याची मोटार बिघडली तर मी दुरुस्त करतो; भाषण बिघडले तर तुम्ही सांभाळून घ्या.

मी सुरगाणा तालुक्यातला. दहावीपर्यंत याच वसतिगृहात राहिलो. पुढे अकरावीत नापास झालो आणि शाळा सोडली. त्यानंतर सतरा वर्षे माझे वर्ष एकाच चाकोरीत फिरले. भात झोडून व्हायचा, दिवाळी सरायची आणि मुकादमाची जीप पाड्यावर यायची. आधीच उचल घेतलेली असायची, म्हणून जायचे की नाही हा प्रश्नच नसे. मी, बायको आणि दोन्ही लेकरे गाठोडी बांधून निफाडकडे द्राक्षबागेत जायचो. डिपिंग, विरळणी, मग माल काढणी. शिमग्याला परत.

बागेतल्या मोटारी बघून बघून मी त्या खोलायला आणि जोडायला शिकलो होतो. मालक म्हणायचे, "तू वायरमन व्हायला पाहिजे होतास." मी हसायचो आणि पुन्हा वेलीखाली जायचो.

मुलगी चौथीत असतानाची गोष्ट. आम्ही बागेतून परतलो आणि ती शाळेत गेली. वर्गात तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती. माझी पोर भांडली नाही. आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसली. मी दारातून पाहत होतो. ते मला लागले.

त्याच आठवड्यात मी आपल्या वसतिगृहाच्या जुन्या अधीक्षक सरांना भेटलो. ते म्हणाले, "आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स कर."

मी म्हणालो, "सर, माझे वय 34."
ते म्हणाले, "प्रवेशाला 14 वर्षे पूर्ण लागतात. वरची अट नाही."
"शाळा सोडल्याचा दाखला हरवला."
"शाळा दुसरी प्रत देते. उद्या अर्ज टाकू."
"गणित विसरलो."
"तिथे शिकवतात."
"लोक हसतील."
"चार दिवस हसतील. कोर्स दोन वर्षांचा आहे."

शेवटी मी म्हणालो, "सर, माझ्याऐवजी माझ्या धाकट्या भावाला घाला ना."

सर हसले. म्हणाले, "घरी जा आणि निर्गमचा तिसरा आणि चौथा अध्याय वाच."

रात्री वाचले. मोशे सासऱ्याची मेंढरे राखत होता. पुढे फारोसमोर उभा राहिला तेव्हा तो 80 वर्षांचा होता, असे पवित्र शास्त्रात लिहिले आहे. जळत्या झुडपापाशी देवाने त्याला नवे काम सांगितले आणि त्याने एकामागून एक सबबी काढल्या. मी कोण? तुझे नाव विचारले तर काय सांगू? लोक विश्वास ठेवणार नाहीत. मला नीट बोलता येत नाही. देवाने प्रत्येकाला उत्तर दिले. उत्तरे संपली तेव्हा मोशे म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. मी पुस्तक मिटले. हे तर माझेच बोलणे होते.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली. अडचण सुटली की माणूस पाऊल टाकतो. सबब सुटली की माणूस दुसरी सबब शोधतो. मी शोधत होतो, कारण खरे कारण वेगळेच होते. मला पुन्हा नापास व्हायची भीती वाटत होती.

एक अडचण मात्र खरी होती. उचल फिटायची बाकी होती. ती बायकोने सोडवली. म्हणाली, "दोन हंगाम मी माझ्या भावाबरोबर बागेत जाते. धाकट्याला नेते. पोरगी तुमच्याजवळ राहील. तिची शाळा आणि तुमची शाळा एकदमच होऊ द्या." आजच्या भाषणाचे श्रेय कोणाला द्यायचे असेल तर तिला द्या. उन्हातान्हात ती राबली, मी बाकावर बसलो.

वर्गातली पोरे मला काका म्हणायची. वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या पहिल्या चाचणीत मी नापास झालो. ज्याला सतरा वर्षे घाबरलो ते समोर येऊन उभे राहिले. आणि झाले काय? दुसऱ्या दिवशी सोळा वर्षांचा एक पोरगा शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, अपूर्णांकापासून सुरू करू." पुढच्या चाचणीत पास झालो.

मी श्रीमंत झालेलो नाही. पावसाळ्यात मोटारी बंद असतात तेव्हा हात आखडावा लागतो. पण गेली दोन वर्षे मुकादमाची जीप आमच्या दारात थांबत नाही. मुलगी आठवीत आहे. चौथीनंतर तिची शाळा एकदाही हंगामापायी बुडालेली नाही.

शेवटी तुम्हा हितचिंतकांना एक विनंती. मोशेवर देव रागावला, पण त्याला एकटे पाठवले नाही. सोबत भाऊ अहरोन दिला. आमच्या पाड्यांवर माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताला कला आहे आणि तोंडी सबबी आहेत. त्यांना "हिंमत धर" एवढेच सांगून परत पाठवू नका. शेजारी बसा. फॉर्म भरा. दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर शाळेत जा. अडचणी अशा एकेक करून संपल्या की उरलेली सबब माणसाला स्वतःलाच ऐकू येते, आणि तिची लाज वाटून तो उठतो. मी तसाच उठलो.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.