जुन्या गाड्यांचे परीक्षक काय पाहतात?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

 

उत्सवात आपल्याकडे स्पर्धा असतात. रांगोळी, पाककृती, वेशभूषा, गायन. निकाल लागला की दोन दिवस एकच चर्चा चालते, ‘परीक्षकांनी नेमकं पाहिलं तरी काय?’ आज या प्रश्नाचं उत्तर मी जरा वेगळ्या ठिकाणाहून देणार आहे. जुन्या मोटारगाड्यांच्या स्पर्धांमधून.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे हे मोटारींचे मोठे जाणकार. १९३०च्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या डुसेनबर्ग कंपनीचा सांगाडा आणि इंजिन घेतलं आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून बॉडी बांधून घेतली. दोन माणसांची ती उघडी गाडी आज जगातल्या नावाजलेल्या गाड्यांमध्ये गणली जाते. त्या काळी उंची गाड्यांची रीतच तशी होती. कंपनी चॅसी द्यायची, वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीने करून घ्यायचा. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सारख्या दिसतीलच असं नाही. आपल्या नर्मदाकाठच्या बडवानीच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह हे तर या क्षेत्रातलं देशभर मानलं जाणारं नाव. शारदा द्विवेदी यांच्यासोबत त्यांनी संस्थानिकांच्या मोटारींवर मोठा ग्रंथ केला, आणि २००८ साली मुंबईत कार्टिअरची जी स्पर्धा झाली, तिच्या मांडणीची धुराही त्यांच्याकडे होती. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासूनची. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जानेवारी २०२३ मध्ये असाच मोठा मेळा भरला होता.

आता परीक्षक काय करतात ते बघू. पहिलं काम म्हणजे वर्गवारी. १९१०ची गाडी आणि १९६५ची गाडी एका रांगेत उभी करता येत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत १९०४ पर्यंतच्या गाड्या सर्वात जुन्या, १९०५ ते १९१८ ‘व्हेटरन’ आणि १९१९ ते १९३० ‘व्हिंटेज’. आपण सरसकट प्रत्येक जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून टाकतो, परीक्षक तसं म्हणत नाहीत.

मग दोन-तीन परीक्षकांची तुकडी एकेका गाडीपाशी येते. एक जण रंग आणि बॉडी पाहतो, एक इंजिन आणि खालचा भाग, एक आतली गादी, मीटर आणि कागदपत्रं. गाडीला ते सहसा हात लावत नाहीत. बॉनेट मालकाने उघडायचं, दार मालकाने उघडायचं. गाडी चालू करून दाखवावी लागते. हॉर्न वाजला पाहिजे, दिवे लागले पाहिजेत. ढकलत आणलेल्या गाडीचं कौतुक लोक करतील, परीक्षक करणार नाहीत. शंभर गुण धरून सुरुवात करायची आणि जिथे चूक दिसेल तिथे गुण कापत जायचं, ही एक रूढ पद्धत आहे.

आणि चुका कुठे दिसतात? मंडळी, खरी गंमत इथेच आहे. समजा, १९२४ची गाडी समोर उभी आहे. बंपरपासून दिव्यांपर्यंत सगळं आरशासारखं क्रोमने चमकतंय. बघणारे वा वा करतात. परीक्षक मात्र गुण कापतो, कारण त्या काळी चमक असायची ती निकेलची. मोटारींवर क्रोमचा मुलामा आला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार असते. क्रोमची निळसर, थंड. जाणत्या डोळ्याला दहा पावलांवरून फरक कळतो.

दुसरं उदाहरण स्क्रूचं. ज्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, तो स्क्रू मोटारींमध्ये १९३६च्या सुमारास येऊ लागला. आता १९२८च्या गाडीच्या दारात तो दिसला, तर अर्थ उघड आहे. पुढे कुणीतरी ते दार उघडलं, आणि हाताला येईल तो स्क्रू बसवून दिला. एवढासा स्क्रू, पण तो बोलतो. चॅसीचा नंबर, इंजिनचा नंबर, बॉडी बांधणाऱ्याची लहानशी पाटी हे सगळं एकमेकांशी जुळतं का, हेही ते पाहतात. नुसती चमक दाखवून या लोकांना फसवणं कठीण असतं.

पण इथे एक खरा पेच आहे, आणि त्यावर जाणकारांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले. एका मालकाने गाडी पूर्ण खोलली, प्रत्येक भाग नवा केला, लाखो रुपये घातले. दुसऱ्याच्या गाडीचा रंग जागोजाग उडालेला, चामड्याला भेगा, पण रंग आणि चामडं मूळचंच. बक्षीस कुणाला द्यायचं? बराच काळ बाजी पहिल्याची होती. मग परीक्षकांच्या लक्षात आलं की गाडीचं डेंटिंग-पेंटिंग दहा वेळा करता येतं, पण तिचा मूळचा रंग एकदा खरवडला की परत मिळत नाही. म्हणून जतन केलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग सुरू झाला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात पेबल बीच इथे १९५० पासून जगातली सर्वात मानाची स्पर्धा भरते. तिथे आपापल्या वर्गात पहिल्या आलेल्या गाड्यांमधून सर्वोत्तम गाडी निवडतात, आणि ही शेवटची निवड गुणांच्या बेरजेने होत नाही, परीक्षकांच्या मतांनी होते. २०२४ साली हा मान १९३४च्या एका बुगाटी शर्यतगाडीला मिळाला. बेल्जियमच्या राजाने ती घेऊन काळ्या-पिवळ्या रंगात रंगवली होती. तो जुना, झिजलेला रंग आजही तिच्यावर तसाच आहे. जतन केलेल्या गाडीला तिथे सर्वोच्च मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला, पण परीक्षकांनी आपली नजर बदलली.

त्याच स्पर्धेतली जुनी गोष्ट. सुरुवातीची काही वर्षं तिथे नव्या गाड्याच जिंकत. १९५५ साली प्रथमच एक जुनी गाडी पहिली आली, १९३१ची पिअर्स-अॅरो. मालक होता फिल हिल, जो पुढे १९६१ मध्ये शर्यतींचा जगज्जेता झाला. ती गाडी त्याने लिलावात घेतलेली नव्हती. ती त्याच्या मावशीची, घरातलीच गाडी होती.

म्हणून हा विषय मी उदयनगरात मांडतोय. आपल्याकडे डुसेनबर्ग नाही. पण बागली तालुक्यात, देवास-धारच्या गावांत, किती तरी वाड्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली काय काय उभं असतं, आठवून बघा. आजोबांची जावा, राजदूत, लॅम्ब्रेटा. घाट चढलेली महिंद्राची जीप. एखादी फियाट. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो, आणि सुनबाई म्हणतात, दिवाळीच्या आधी जागा मोकळी करा. त्यांचंही चूक नाही, जागा लागतेच.

पण देण्याआधी एवढं माहीत असू द्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणायची. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला असेल, तर ती या व्याख्येत बसत नाही. म्हणजे हौसेने इंजिन बदलून घेतलं, की हा मार्ग बंद.

तेव्हा तीन कामं करा. आरसी बुक, जुन्या पावत्या, गाडीसोबतचा एखादा फोटो एका पाकिटात घालून ठेवा. काढलेला जुना पार्ट फेकू नका, गाडीच्याच डिकीत ठेवा. आणि मिस्त्रीला ‘नवी करून दे’ असं सांगू नका, ‘चालू करून दे’ एवढंच सांगा. हे सगळं करूनही गाडी विकायची वेळ आली, तर निदान काय विकतोय ते माहीत असेल.

शेवटी आपल्या स्पर्धांविषयी. चांगला परीक्षक निकष आधी सांगतो, वयाप्रमाणे वर्ग पाडतो, आपल्या नात्यातल्याचं परीक्षण करत नाही, आणि निकालाबरोबर कारणही देतो. आपणही यंदापासून कारण सांगू या. ज्या मुलीचा नंबर हुकला, तिला रांगोळीत नेमकं काय कमी पडलं हे कळलं, तर ती पुढच्या वर्षी पुन्हा येईल. नाही कळलं, तर घरी बसेल. आपल्यासारख्या लहान गावात एक मूल घरी बसणं परवडत नाही.